नुसती चासी

नागपूरहून नुसती चासी आणली मी.
वर छत नाही, दार नाही, डाला नाही.
लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून
बुटीबोरी, जाम, नंदोरी, वरोरा
आणि वणीच्या अलीकडे आमच्या गावात शिरलो,
तर पानठेल्यावरून देवमन नागोसे ओरडला,
"काऊन बे, हाडकंच आणले? मास कुठी हाय?"

अकरा वर्षं दुसऱ्याचा टिप्पर हाकला होता.
खाणीच्या गेटवर रांग, रांगेतच रात्र.
सकाळी खाकरलं की रुमालावर कोळसा.
मालक ट्रिपा मोजायचा,
मी झोपा.
सगळे म्हणाले, टिप्परच बांध, कोळसा काही संपत नाही.
खरं आहे, संपत नाही.
पण येताना टिप्पर काय आणतो?
वारा आणतो.
आणि वाऱ्याची बिल्टी कोणी फाडत नाही.

मेहुण्याचं म्हणणं, बल्कर.
गडचांदूरचं सिमेंट, वर्षाचा करार, डोक्याला ताप नाही.
मी म्हटलं, भाऊ, एकाच घरी जेवणाऱ्यानं
त्या घरची चूल विझली की कुठं जायचं?
तो दोन महिने बोलला नाही.

वणीतल्या इस्माईल मिस्त्रीनं करवत बाजूला ठेवली.
"वाहणार काय ते सांग आधी.
मग लाकूड कापतो."
एवढंच विचारलं त्यानं
आणि मला उत्तर आलं नाही.
चासी तशीच उभी अंगणात,
खोक्यावर बसून पोरगी दिवसभर हॉर्न वाजवते,
बँकेचा हप्ता मात्र सुरू झालेला.

चांडकांच्या ऑफिसात भाव कळला:
कोइम्बतूर, रुईच्या गठाणी, बासष्ट हजार.
मी उड्या मारत घरी.
सुलभानं सरकी-ढेपेच्या दुकानाची फुकट डायरी काढली.
"जायचे सांगू नका. जाऊन-येऊन सांगा."
छप्पन हजाराचं डिझेल.
टोल लिहिला, क्लीनर लिहिला,
मग पेन खाली ठेवला.
"हे तर घरून घालायचं काम आहे."

जिनिंगच्या फाटकाशी त्या आठवड्यात
तमिळ नंबरचा एक उघडा ट्रेलर दिसला.
मशीन उतरवत होते, ताडपत्री सोडून, साखळ्या सोडून.
ड्रायव्हरला मराठी नाही, मला त्याचं काही नाही,
दोघांमध्ये दोन कट चहा.
मी विचारलं हातानं, जाताना?
त्यानं मूठ दाखवली: येताना.
मग मूठ उघडली,
रिकामा पंजा माझ्यासमोर धरून हसला.
माझा तर उलटा होता ना हिशेब.
त्याची उघडी मूठ ती माझी भरलेली,
त्याची भरलेली ती माझी उघडी.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे.
सपाट बांध. बाजूच्या फळ्या निघाल्या पाहिजेत.
जाताना गठाणी, येताना लोखंड.
इस्माईल म्हणाला, "आता बोललास,"
आणि पेन्सिल कानावरून काढली.

पहिल्याच फेरीला मशीन तयार नव्हतं.
चार दिवस कोइम्बतूरच्या बाहेर, गाडीखाली झोपून,
भात खाऊन खाऊन भाकरीची स्वप्नं पडली.
शेवटी नारळाचा काथ्या भरला, निम्म्या भावात.
मशीनपेक्षा हलका, पण वाऱ्यापेक्षा जड.

घरी आलो तर सुलभानं आंघोळीच्या आधी पावत्या मागितल्या.
बराच वेळ भागाकार चालला.
मग डायरी माझ्याकडे सरकवली:
किलोमीटरमागे चार रुपये अकरा पैसे.
म्हटलं, अकरा पैसे कशाला लिहिले?
आता पैसे चालतात तरी का?

"चार रुपये बँकेचे," ती म्हणाली,
"अकरा पैसे आपले."